अ‍ॅक्सलमधला हुंदका

ट्रकतळावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. ड्रायव्हर, हमाल, टायरवाले, वजनकाट्यावरचे कारकून, सगळे हातातली कामं टाकून एका जुन्या ट्रकभोवती गोळा झाले होते. मागचे लोक टाचा उंचावून विचारत होते, "काय दिसतंय?" आणि पुढचे तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प करत होते.

दिसत होते फक्त दोन पाय. पांढरे मोजे घातलेले ते पाय कानबाबाचे होते. बाकीचा कानबाबा ट्रकखाली उताणा पडला होता. हातात पितळेची एक लांब नळी, तिचं एक टोक कानाला आणि दुसरं मागच्या चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेल्या लोखंडी गोळ्याला. इंजिनाची ताकद चाकांना वाटून देणारे गिअर त्या गोळ्यात असतात. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात, तळावर नुसतं 'गोळा'.

"बोल रे बाळा... मोकळा हो... मी ऐकतोय," खालून आवाज आला.

"काय म्हणतोय तो?" एका हमालाने न राहवून विचारलं.

बाबाचा शिष्य चालकांना शिस्त लावत उभा होता. तो खेकसला, "गप्प बसा! लाइन लागतेय!"

गर्दीच्या पुढच्या रांगेत, मागच्या चाकाशी, एका स्टुलावर मास्तरांची आई बसली होती. तिचा एक तळवा टायरवर होता, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. तिच्याशेजारी मास्तरांची वहिनी, आणि दोघींच्या मागे हाताची घडी घालून स्वतः मास्तर.

मास्तर तंत्रशाळेत मोटार मेकॅनिकचा विषय शिकवत. त्यांच्या वर्गात मधोमध कापलेला एक गोळा टेबलावर बसवलेला होता. हाताने शाफ्ट फिरवायचा आणि मुलांना दाखवायचं की लहान दात मोठ्या चक्राला कसे फिरवतात, वळणावर एक चाक हळू आणि दुसरं जोरात कसं पळतं. या विषयावर ते तासभर न थांबता बोलत. आज मात्र त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. कारण तो ट्रक त्यांच्या थोरल्या भावाचा होता, आणि आईची खात्री होती की गोळ्यात तिचा मुलगा रडतोय.

दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. डोंगराच्या चढावर छातीत कळ आली, तेव्हा त्याने गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो गेला. तशा अवस्थेतही त्याने गाडी नीट उभी केली होती, हे तळावरचे लोक अजून सांगत.

काही काळ ट्रक नुसता उभा राहिला. मग वहिनींनी एक ड्रायव्हर ठेवला. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. पैलवान गाडी जपून चालवायचा, डिझेल भरायचा, काच लख्ख पुसायचा. एक दिवस तो मालाची खेप टाकून आला आणि दारातच उभा राहिला.

"वहिनी, गाडी रडते."

"काय करते?"

"रडते. त्याच चढावर. सपाट रस्त्याला चिडीचूप असते. चढ लागला, पाय दाबला, की मागून हुंदका येतो. पाय सोडला की थांबतो."

आईने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती हट्टाने ट्रकमध्ये बसून चढापर्यंत गेली, आणि परत आली ती डोळे सुजवूनच. "तोच आहे," ती म्हणाली. "लहानपणी ताप आला की असाच कण्हायचा."

मास्तरांनी त्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. "आई, अगं चढावर गिअरांवर जोर पडतो. दात झिजले असतील, तेल कमी असेल, तर ते तिथेच ओरडणार. सपाटीवर जोर नाही म्हणून आवाज नाही."

आई शांतपणे म्हणाली, "तुला त्याचा आवाज कधी ओळखू आलाय? फोनवरसुद्धा 'कोण बोलतंय' विचारायचास."

मास्तर गोळा उघडून बघतो म्हणाले, तर आई ट्रकला हात लावू देईना. "त्याला पान्याने टोचणार आहेस का?" म्हणाली. आणि मग कुणीतरी कानबाबाचं नाव सुचवलं, गाडीला कान लावून आतला आत्मा ओळखतो म्हणे.

कानबाबा आता ट्रकखालून सरपटत बाहेर आला. शिष्याने त्याचे कपडे झटकले. बाबाने डोळे मिटले आणि गर्दीला ऐकू जाईल अशा बेताने बोलू लागला.

"माणसाचा जीव कुठे असतो? काळजात. गाडीचा जीव कुठे असतो? गोळ्यात! इंजिन म्हणजे काय, नुसतं डोकं. डोकं काय हो, कुणालाही असतं!"

लोकांनी माना डोलावल्या.

"या पोराला चढ संपवायचा होता. अर्ध्यावर राहिला. अर्धा चढ गळ्यात अडकला की माणूस हुंदके देणारच. आई, त्याला पाणी हवं होतं हो शेवटी!"

आईने तिथेच त्याचे पाय धरले. दादा चढावर गेला हे तळावर कुणालाही विचारलं तरी कळलं असतं. शिष्य आदल्या दिवशी तळावर चकरा मारत होता हे मास्तरांनी स्वतः पाहिलं होतं. पण आई रडत होती, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळी रडत होती. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी हळूच मान हलवली: आत्ता नको, भाऊजी.

बाबाने उपाय सांगितला. ट्रक त्याच्या शेडमध्ये सोडायचा. दारं बंद. आत फक्त बाबा आणि शिष्य. साधना गुप्त असते, बघणाऱ्याचे डोळे जातात.

"आणि ऐकणाऱ्याचे कान?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलंच.

"मास्तर आहेत वाटतं," बाबा गोड हसला. "शिकलेल्या माणसाचे कान आधीच गेलेले असतात."

हशा पिकला. मास्तर घरी गेले.

ट्रक परत आला आणि चढाला लागला. आई पुढे बसली होती, मागच्या बाकावर मास्तरही होते. पैलवानाने गिअर बदलला, पाय दाबला. इंजिन घुमलं, माल करकरला. हुंदका नव्हता! चढ संपला तरी नव्हता. पैलवानाने स्टिअरिंग सोडून हात जोडले, तेव्हा मास्तरांनी ओरडून त्याला ते पुन्हा धरायला लावलं.

"सुटला गं माझा बाळ," आई म्हणाली, आणि खिडकीला डोकं लावून झोपी गेली.

मास्तर मात्र चक्रावले. झिजलेला दात मंत्राने भरून येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी आवाज बंद झाला होता, हेही त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आपलंच काही चुकलं का? वर्गात त्यांनी कापलेला गोळा पुन्हा पुन्हा फिरवला. विद्यार्थ्यांनी काही विचारलं तर भलतंच उत्तर दिलं.

सुट्टीच्या दिवशी ते ट्रकखाली शिरले. गोळ्यावर काळा दोरा गुंडाळलेला होता आणि दोऱ्याच्या गाठीवर लाखेचं सील होतं. बाबाची आज्ञा होती की सील फोडायचं नाही. फोडलं तर आत्मा परत येईल, आणि येताना एकाला घेऊन जाईल. मास्तर त्या सीलकडे बघत पडून राहिले. एवढा मोठा ट्रक. दोरा स्टिअरिंगला बांधता आला असता, आरशाला, बंपरला. बाबाने तो नेमका तेल भरायच्या प्लगवर बांधला होता. गोळ्याच्या आत काय आहे ते बघायची ती एकच खिडकी.

दादाला त्यांनी कितीदा त्या प्लगशी पाहिलं होतं. गाडी सपाट जागेवर लावायची, गोळा थोडा निवू द्यायचा, प्लगभोवतीची माती फडक्याने पुसायची, म्हणजे आत कचरा जात नाही. मग प्लग काढून बोट आत घालायचं आणि खाली वाकवायचं. तेल भोकाच्या खालच्या काठाला लागलं तर ठीक. नाही लागलं, तर हातपंपाने नवं गिअर ऑइल सोडत राहायचं, काठावरून ओघळेपर्यंत. त्या तेलाला सडक्या अंड्यासारखा वास. दादा जेवायला बसला की आई ओरडायची, "आधी हात धू, तुझा तो गोळा घरात आणू नकोस!"

मास्तर बाहेर आले ते थेट घरात. "वहिनी, त्याने आत काहीतरी भरलंय. मला प्लग उघडायचाय."

"काय भरलं असेल?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू? पण तेल बघायचं भोकच का बंद केलं त्याने?"

वहिनी विचारात पडल्या. पटत होतं त्यांना. त्यांनी पान्यांची पेटी आणून दिली, मास्तरांनी पाना उचलला, तेवढ्यात आई दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती अंगणात गेली, ट्रकच्या मागच्या चाकाला पाठ लावून जमिनीवर बसली, आणि तिने डोळे मिटून घेतले.

"आई, ऊठ."

"उघड की. आत्मा परत आला आणि एकाला न्यायचं झालं, तर मी इथे बसलेय. मला नेऊ दे."

मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसले. बऱ्याच गोष्टी सांगितल्या. गिअर, तेल, दोरा. आईने एकही शब्द कानात शिरू दिला नाही. शेवटी वहिनी येऊन म्हणाल्या, "भाऊजी, राहू द्या. आईंना काही झालं तर?"

मास्तरांनी पाना पेटीत टाकून पेटी बंद केली. जिथे प्रेमच आडवं येऊन बसलंय, तिथे कोणत्या पान्याने काय उघडणार?

पैलवानाला त्यांनी बाजूला घेऊन सांगून पाहिलं. पैलवानाने कानाला हात लावला. "मास्तर, तुम्ही घरी बसता. चढावर एकटा मी असतो."

तळावर एव्हाना कानबाबाच्या शेडसमोर ट्रकांची रांग लागली होती. ज्यांच्या गाड्या कण्हत होत्या ते येत होतेच, न कण्हणारेही आधीच दोरा बांधून घेत होते.

मग एके दुपारी, तास चालू असताना, मास्तरांचा फोन वाजला. पैलवान होता, खुशीत. चढाच्या माथ्यावर थांबला होता.

"मास्तर, तुमचा विश्वास नाही ना? बाबांचं तेज बघायला या! गोळ्याला नुसता हात लावला तर चटका बसला. बाबा म्हणालेच होते, साधना तापली की तेज बाहेर येतं."

मास्तर वर्गातून बाहेर धावले. "पैलवान, ऐक. गाडी हलवू नकोस. आहे तिथेच उभी ठेव."

"अहो माल पोचवायचाय. आता उतारच आहे सगळा."

"उतारावर तर अजिबात नको! आत तेल नाहीये, गिअर तापून जाम होतील, मागची चाकं धरतील. मी निघतो, तू थांब फक्त!"

"तुमचा आवाज तुटतोय, मास्तर," पैलवान म्हणाला, आणि फोन बंद झाला. मास्तर पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले. गाडी चालवताना पैलवान फोन उचलत नसे. चांगली सवय होती ती त्याची.

अर्ध्या उतारावर गोळा जाम झाला. मागची चाकं जागीच अडकली, भरलेला ट्रक आडवा घसरत गेला आणि रस्त्याकडेच्या चरात उलटला. पैलवान वाचला. त्याचा उजवा पाय मात्र डॉक्टरांना गुडघ्याखाली काढावा लागला.

ट्रक क्रेनने ओढून तळावर आणला, तोवर बातमी सगळीकडे पसरली होती. पहिल्या दिवसाहून मोठी गर्दी जमली. कानबाबा बोलावल्याशिवाय आला आणि एका पत्र्याच्या पिंपावर उभा राहून गरजला.

"सांगितलं होतं! सील फोडू नका म्हणून सांगितलं होतं! कुणाला फार शहाणपण सुचलं, कुणी पाना घेऊन गाडीखाली शिरलं, ते मला सगळं ऐकू येतं!"

लोकांच्या नजरा मास्तरांकडे वळल्या. ते गाडीखाली शिरले होते, हे शेजाऱ्यांनी पाहिलं होतं. एक ड्रायव्हर पुढे येऊन त्यांच्या छातीवर बोट रोवून म्हणाला, "पैलवानाचा पाय तुम्ही घेतलात, मास्तर."

मास्तरांना रडू आवरेना. त्यांच्यावर आळ आला होता म्हणून ते रडत नव्हते. पान्यांची पेटी आपणच बंद केली, हे त्यांना आठवत होतं. ते म्हणाले, "बाबा, खाली उतरा. तुमचंच सील आहे. तुम्हीच बघा फुटलंय का."

बाबा उतरेना. तेव्हा त्याच ड्रायव्हरने ट्रकखाली डोकं घातलं. बराच वेळ बघून तो बाहेर आला, आणि त्याचा सूर बदलला होता. "सील फुटलेलं नाही. लाख तापून ओघळलीय, पण दोऱ्याची गाठ जशीच्या तशी आहे."

"सील फुटलं नाही तरी आत्मा आला मग?" टायरवाल्याने विचारलं. "तुम्ही तर म्हणाला होता, बंदोबस्त केलाय."

बाबा म्हणाला, "भक्ती कमी पडली की..." पण पुढचं कुणी ऐकलं नाही, कारण वहिनी गर्दीतून पुढे आल्या होत्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पाना मास्तरांपुढे धरला होता. आई मागे उभी होती. ती या वेळी खाली बसली नाही.

मास्तरांनी दोरा कापला. प्लग सोडवला. गोळ्यातून तेलाचा एक थेंब आला नाही. त्यांनी बोट आत घातलं आणि काळा, कोरडा, जळलेला लगदा उकरून काढला. त्याला गिअर ऑइलचा वास नव्हता. जळक्या लाकडाचा होता. त्यांनी तो लगदा परातीत टाकला, वर रॉकेल ओतलं आणि चमच्याने ढवळलं. ग्रीस विरघळलं, आणि वर तरंगू लागले ते बारीक, करपलेले तुकडे.

"भुसा!" एक हमाल ओरडला. "लाकडाचा भुसा आहे हा!"

"भुसा आणि घट्ट ग्रीस," मास्तर म्हणाले. "झिजलेल्या दातांमध्ये फट पडते, म्हणून ते ओरडतात. फटीत भुसा कोंबला की आवाज दबतो. रडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबावा तसा. तेल मात्र वाहतं, दातांवर चढतं, बेअरिंगमध्ये शिरतं, गरमी खेचून घेतं. भुसा जागचा हलत नाही. आतलं लोखंड तापत जातं, तापत जातं, आणि एक दिवस धरतं. बाबांचं तेज म्हणतात ते हेच."

गर्दीतून एक म्हातारा मेकॅनिक शिष्याकडे निरखून बघत होता. "अरे, हा तर जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे होता कामाला! भंगार गोळे असेच गप्प करून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे ते!"

तरीही काहींना पटेना. "एका गाडीत निघालं म्हणून काय झालं?" कुणीतरी म्हणालं.

"खरंय," मास्तर म्हणाले. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. ज्याच्या गाडीला दोरा आहे त्याने स्वतः उघडावं. सपाट जागेवर लावा, प्लग पुसून घ्या, काढा, आणि बोट घाला. तेल लागलं तर बाबा खरा. भुसा लागला तर तुम्ही ठरवा. दुधासारखं पांढरट काही लागलं, तर पाणी शिरलंय समजा. काहीच लागलं नाही, तर आत्मा नाही, तेल संपलंय. कुणाला विचारायला जाऊ नका, बोट घाला आणि बघा!"

मग मघाचा ड्रायव्हर आपल्या ट्रककडे पळाला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. तळभर पाने खणखणू लागले. एका गोळ्यातून अजून न जळलेला पिवळा भुसा निघाला, करवतीखाली नुकताच पडावा तसा. शिव्यांचा एकच कल्लोळ उठला. लोक पिंपाकडे वळले तेव्हा पिंप रिकामं होतं. पितळेची नळी तेवढी मागे राहिली होती.

पोलिसांत तक्रार झाली. कानबाबा कुठल्या तरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावाने बसल्याचं कानावर आलं, पण सापडला नाही. मास्तर पैलवानाला भेटायला दवाखान्यात जात. पैलवान चादरीखालच्या सपाट जागेकडे बघत म्हणायचा, "चटका बसला होता हो मला, मास्तर. हाताला कळलं होतं. डोक्याने ऐकलं नाही." मास्तर त्याला संत्रं सोलून देत आणि बसून राहत.

एका संध्याकाळी आईने घरात एवढंच विचारलं, "म्हणजे तो नव्हताच?"

"नव्हता, आई."

"मग रडत कोण होतं?"

"गिअर. तेल संपलं होतं. दादा असताना तो नेहमी बघायचा. तो गेल्यावर बघायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्यासुद्धा."

आईने तोंड फिरवलं. ती अशी रडली की मास्तरांना वाटलं, आपण दादाला दुसऱ्यांदा नेलं तिच्यापासून. पहिल्यांदा तो गेला, त्याला तरी इलाज नव्हता. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, आणि धरलाही नाही.

काही दिवसांनी ती म्हणाली, "मला त्या चढावर ने."

मास्तर तिला बसने घेऊन गेले. दादाने गाडी उभी केली होती त्या वळणावर एक बसका दगडी कठडा होता, तिथे दोघं बसली. खालून ट्रक येत होते, धूर सोडत, जीव खाऊन चढत. आई एकेकाचा आवाज ऐकत होती. एक गेला, दुसरा गेला. मग एक भरलेला ट्रक वळणावर आला, त्याच्या ड्रायव्हरने पाय दाबला, आणि मागून तोच लांबलचक हुंदका उमटला. हुबेहूब तोच.

आईने मास्तरांचा दंड घट्ट धरला. ट्रक समोरून जाईपर्यंत ती ऐकत राहिली. ड्रायव्हर कोवळा होता, मिशीही फुटली नव्हती धड.

"तेल संपलंय ना रे त्याचं?" तिने विचारलं.

"हो, आई."

ती उठली. पदर खोचून रस्त्याच्या कडेला गेली आणि दोन्ही हात हलवू लागली. "अरे थांब! मागचं तेल बघ! थांब रे बाळा, बघून घे आधी!"

ड्रायव्हरला इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू गेलं नाही. रस्त्यावर कुणी म्हातारी हात करतेय एवढंच दिसलं असावं. त्यानेही हसून हात केला, आणि हुंदके देणारा तो ट्रक माथ्याकडे चढत गेला.

"अरे पळ ना," आई मास्तरांवर ओरडली. "सांग त्याला!"

आणि मास्तर चढावर धावत सुटले.